सांदवाडीवर सिमेंट घालण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी चार पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते.

घरात ताई, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय 64, नऊ वर्षांपासून शुगर. ताईंचे यजमान पुण्याला कंपनीत आहेत, पोळ्याला आणि दिवाळीला येतात. घरामागे जेमतेम एका गुंठ्याची सांदवाडी. वांगी, टमाटे, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मांडवावर वाल, उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचा वेल, कोपऱ्यात मुनगा, म्हणजे शेवगा. सगळं सासूबाईंच्या हातचं. पण गेल्या वर्षभरात तिथे एकामागून एक काहीतरी होत गेलं. ढिल्या मुठीचा इळा निसटून बोट कापलं. विटा उचलताना विंचू डसला, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मांडवाची काडी डोळ्यात गेली. वावरातून उरलेलं पऱ्हाटीचं (कपाशीचं) औषध वांग्यांवर मारलं आणि रात्रभर उलट्या झाल्या. शिवाय कुपाटी बांधताना बाभळीचा काटा टाचेत मोडला. विंचवाचं यजमानांना कळलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की पोळ्याला येऊन सगळ्या सांदवाडीवर सिमेंट घालायचं. डोळ्याचं आणि फवारणीचं त्यांना अजून माहीत नाही. सासूबाईंनी सुनेला शपथ घातली आहे, "त्याले सांगू नको बाई, नाईतं तो माही वाडी बंद करीन." ताई विचारतात : मी कुणाची बाजू घेऊ? लपवलेलं सांगून टाकू का? आणि घरात औषधाची कोणती पेटी ठेवली म्हणजे निर्धास्त राहता येईल? जाता जाता त्यांनी हेही विचारलं आहे, की पाऊस पडला की सासूबाई वाल लावायला निघतील, लावू देऊ का?

ताई,

तुमच्या पत्रात विंचवाला अर्धं पान आहे, फवारणीला पाऊण पान आहे आणि काट्याला दीड ओळ. "टाचेत काटा मोडला होता ते तिसऱ्या दिवशी चादरीला डाग दिसला तेव्हा कळलं, बिबा लावला, बरं झालं." मी एकतीस वर्षं उपकेंद्रात आरोग्य सेविका होते. तुमच्या चार पानांत माझं बोट थांबलं ते या दीड ओळीवर.

बाभळीचा काटा टाचेत मोडला तर धडधाकट माणसाला पाऊल टेकवता येत नाही. तुमच्या सासूबाई तीन दिवस त्या काट्यावर चालल्या. पाणी भरलं, वाफे केले, झोपल्या, उठल्या. त्या सोशिक आहेत असं तुम्ही लिहिलंय, असतीलही. पण हे सोसणं नव्हे, ताई. त्यांना दुखलंच नाही. नऊ वर्षांच्या शुगरने तळपायाच्या नसा बधिर होत चालल्या असाव्यात. आधी मुंग्या येतात, रात्री पाय जळजळतात, चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही. यातलं काही होतं का, ते त्यांना आजच विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत, कारण न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करतं?

आपल्या भागात कुष्ठरोग्यांसाठी फार मोठं काम झालं, वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि वरोऱ्याच्या आनंदवनात. नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला जे शिकवलं गेलं, त्यातली एक गोष्ट मी कधी विसरले नाही. त्या रुग्णांच्या हातापायांची बोटं झडतात ती रोग खाऊन टाकतो म्हणून नव्हे. पायाला कळ लागत नाही, म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो, चटका बसतो, उंदीर कुरतडतो, जखम हाडापर्यंत जाते. दुखणं हा पायाचा राखणदार आहे. शुगरमध्ये रोग वेगळा, पण राखणदार तसाच झोपी जातो. वर रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका मावशींचा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. सुरुवात झाली होती बोरीच्या काट्याने, आणि त्याही म्हणत होत्या, "काई दुखत नाई, जाईन निघून."

आता सिमेंटकडे या. तुमच्या यजमानांना वाटतं, माती गेली की धोका गेला. मला त्यांचा राग येत नाही. तीन-चारशे मैलांवर बसून रात्री फोन वाजला की काळजात काय होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण त्यांना एवढं विचारा, की वैशाखातल्या दुपारी त्या सिमेंटवर आई अनवाणी पाय ठेवेल तेव्हा काय होईल? आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. ज्या पायाला काटा कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. वाळवणं उलटवायला, कपडे उचलायला म्हणून ती दहा पावलं जाईल आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतील. असे फोड मी दर उन्हाळ्यात पाहिले आहेत, आणि ते मातीच्या अंगणात कमी, फरशीच्या अंगणात जास्त. ओल्या वाफ्यातली माती तेवढी भाजत नाही. म्हणजे सिमेंटने काट्याचा धोका जाईल आणि भाजण्याचा येईल, पाय मात्र तोच राहील.

शिवाय सांदवाडी काय देते तेही मोजायला हवं. शुगरच्या बाईला रोजचं चालणं-वाकणं हवं, ताज्या भाज्या हव्यात, आणि सकाळी उठून जावंसं वाटेल अशी एक जागा हवी. तिन्ही त्या गुंठ्यात आहेत. ते काढून घेतलं तर टीव्हीसमोर बसलेल्या आईची शुगर पुण्याहून कोण सांभाळणार?

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की हे सगळं वयामुळे झालं. एकेक अपघात समोर ठेवून पाहा. इळा निसटला, कारण मूठ ढिली होती. ती विशीतल्या पोरीच्या हातूनही निसटली असती. विंचू डसला, कारण विटांचा ढीग तीन वर्षं भिंतीला लागून पडला होता आणि विटा उघड्या हाताने उचलल्या. काडी डोळ्यात गेली, कारण मांडवाची टोकं बरोबर डोळ्यांच्या उंचीवर छाटलेली आहेत. औषधाने उलट्या झाल्या, कारण ते औषध वांग्यासाठी नव्हतंच. यात वयाचा वाटा कितीसा आहे? आणि जिथे खरोखर शरीराचा वाटा आहे, त्या टाचेला दीड ओळ मिळाली.

म्हणून पहिलं काम पायाचं. रोज संध्याकाळी सासूबाईंनी पाय साबणाने धुवायचे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे, आणि उजेडात कुणीतरी दुसऱ्याने ते पाहायचे. तळवा, टाच, बेचके. हे काम मी तुमच्या मुलीला द्यावं म्हणते. आठ वर्षांची नजर तीक्ष्ण असते आणि आजी नातीला नाही म्हणत नाही. तिला फक्त सांगून ठेवा : लाल, काळं, ओलं, फुगलेलं किंवा गरम लागणारं काही दिसलं की आईला हाक मारायची.

सांदवाडीत अनवाणी जायचं नाही, आणि रबरी स्लीपरवरही नाही. बाभळीचा काटा स्लीपरच्या तळातून आरपार येतो. जाड तळाचा, पुढून बंद असलेला बूट हवा, आत सुती मोजा. तो घट्ट होत नाही ना ते मोजा काढल्यावर कातडीवरच्या खुणांवरून पाहायचं, कारण बूट चावला तरी त्यांना कळणार नाही. घालण्याआधी तो उलटा करून झटकायचा, त्यात विंचू बसतो. घरात वावरायला एमसीआरच्या, म्हणजे स्पंजासारख्या रबराच्या तळाची मऊ चप्पल मिळते, तालुक्याच्या चप्पल दुकानात विचारा.

बिब्याबद्दल मला कडक बोलावं लागेल. आपल्याकडे काटा रुतला की बिबा पोळवून लावायची जुनी रीत आहे. चांगल्या पायावरही बिबा उतला तर फोड उठतात, कातडी जळते. बधिर पायावर तो किती उतला ते कळायलाच मार्ग नाही. तसंच मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणं. पाणी किती गरम आहे हे पाय सांगणार नाही, म्हणून ते नकोच. वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने सरळ ओढून काढा आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पाच मिनिटं धुवा. आत मोडला असेल, सांध्याजवळ असेल, तर सुईने कोरत बसू नका. आणि सासूबाईंच्या पायाला कुठलीही जखम झाली तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशीही नाही.

तुम्ही लिहिलंय की इळा लागला तेव्हा "गंजलेला नव्हता म्हणून टीटी घेतलं नाही". ही समजूत घरोघरी आहे. धनुर्वाताचा जंतू गंजात राहत नाही, तो मातीत आणि शेणात राहतो, वर्षानुवर्षं टिकतो. जिथे हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत तो वाढतो. म्हणजे चकचकीत इळ्याच्या उथळ कापापेक्षा शेणखतात पडलेला काटा जास्त घातक. हल्ली टीटीच्या जागी टीडी लस देतात, ती धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवर असते. आधीचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक पुरतो. जखम खोल आणि मळकी असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावा लागतो. सासूबाईंच्या पिढीतल्या कितीतरी बायांनी बाळंतपणानंतर ती सुई घेतलेलीच नाही, काहींनी तेव्हाही नाही. आठवत नसेल तर झालंच नाही असं धरायचं आणि तीन डोस पुरे करायचे : आज एक, महिन्याने दुसरा, सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तुम्ही स्वतःही घ्या. भाजी तोडायला तुम्हीही जाताच की.

कापल्याचं थोडक्यात सांगते. स्वच्छ कपडा घट्ट दाबून हात वर धरायचा, दहा मिनिटं, मध्ये मध्ये उघडून न पाहता. मग साबण-पाण्याने धुवायचं. हळद, चुना, चहापत्ती, तंबाखू काही भरायचं नाही; भरलेलं काढताना डॉक्टरांना जखम पुन्हा उघडावी लागते. कडा उघड्या राहत असतील तर सहा-आठ तासांच्या आत टाके पडलेले बरे. बोट वाकत नसेल किंवा टोकाला बधिर लागत असेल तर आत नस किंवा स्नायूबंध तुटलेला असू शकतो, तेव्हा नुसत्या पट्टीवर भागत नाही. आणि त्या इळ्याची मूठ सुताराकडून बसवून घ्या, हे काम दहा मिनिटांचं आहे.

डोळ्याचं मात्र मला थोडक्यात सोडता येत नाही. काडी लागल्यावर सासूबाईंनी घरात पडलेली "मागच्या वेळची" थेंबांची बाटली वापरली, असं तुम्ही लिहिता. या वेळी निभावलं. वाळकी काडी, वालाचं पान, तुरीची फांदी, सोयाबीनचं कुटार, या सगळ्यांवर बुरशी असते. बुबुळावर बारीक ओरखडा गेला की ती आत शिरते, आणि त्या बुरशीने होणारा व्रण आपल्यासारख्या शेतकरी मुलखात नजर जाण्याचं नेहमीचं कारण आहे. जुन्या बाटल्यांतल्या बऱ्याच थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि दुखणं कमी होतं, बरं वाटतं, आणि आत बुरशी मोकाट वाढते. डोळ्याला पानाने किंवा काडीने लागलं की स्वच्छ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, मध-तूप-दूध घालायचं नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. ती बाटली आजच फेकून द्या. रुईचा किंवा कुंपणाच्या शेराचा चीक डोळ्यात उडाला तर आधी वीस मिनिटं सतत पाण्याची धार, मग दवाखाना. हा चीक बुबुळ जाळतो, म्हणून रुई उपटायची ती खाली मान घालून नाही. आणि मांडवाच्या टोकांना जुन्या कपड्याचे बोळे बांधा किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांची बुचं अडकवा. साधा शून्य नंबरचा चष्मा लावून मांडवाखाली गेलं तरी पुष्कळ वाचतं.

आता फवारणी. ताई, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहता. 2017 च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यातले बहुतेक मजूर आणि शेतकरी होते, कामाची सवय असलेली तरणीताठी माणसं. ते औषध सांदवाडीत आलं म्हणून सौम्य होत नाही. उलट वावरातल्या फवारणीनंतर माणूस घरी येतो. सांदवाडीत चूल, पाण्याचा माठ आणि लेकरू दहा पावलांवर असतं. आणि पऱ्हाटी कुणी खात नाही, वांगी परवा ताटात येतात. मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक भाज्यांवर वापरायला 2005 पासून बंदी आहे, तरी पऱ्हाटीचं उरलंसुरलं वांग्यावर मारायची सवय गावोगाव आहे. तुमच्या बाटलीत काय होतं ते लेबलवर वाचा. लेबल नसेल, किंवा ते पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल, तर मुलगी घरात असताना ती बाटली तिथे एक दिवसही राहू नये. कुलपात ठेवा, आणि मूळ दुकानदाराला किंवा कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून विल्हेवाट लावा. नाल्यात ओतू नका.

त्या रात्री नेमकं काय काय झालं ते सासूबाईंना शांतपणे विचारून लिहून ठेवा. उलटीबरोबर तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, नजर अंधुक, अंग फडफडणं, छाती भरून येणं, यातलं काहीही असलं तर ती विषबाधा. पुन्हा कुणाला असं झालं तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंघोळ घालायची, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, 108 ला फोन करायचा आणि औषधाची बाटली सोबत न्यायची. डॉक्टरांना उपचार ठरवायला ती बाटली लागते.

मग वांग्यांवरच्या किडीचं काय करायचं? शेंडे वाळलेले दिसले की शेंडा अळीसकट खुडून नष्ट करायचा, किडकी वांगी झाडावर ठेवायची नाहीत. आणि निंबोळी अर्क. आता निंबोळ्यांचा हंगाम आहे, लेकीला सोबत घेऊन वेचा, गर धुऊन बिया सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायचा, एक लिटर होईल एवढं पाणी घालायचं आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी मारायचं. सांदवाडीतल्या वांग्यांना एवढं पुष्कळ झालं, आणि पैसे पडत नाहीत.

विंचवाच्या वेळी तुम्ही मांत्रिकाकडे न नेता सरळ दवाखान्यात नेलंत, ते उत्तम केलंत. दांडगा काळा विंचू भीती जास्त घालतो, पण जिवावर बेतणारा सहसा लहानसर तांबूस विंचू असतो. नुसती कळ येत असेल तर ती ओसरते; घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर विष हृदयावर चाललंय असं समजायचं. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी यावर लागू पडते हे दाखवून दिलं आणि कितीतरी जीव वाचले. लहान मुलांना धोका सर्वांत जास्त, म्हणून मुलीला डसला तर घरी वाट पाहायचीच नाही.

यजमानांच्या मनात खरी भीती सापाची असणार, आणि ती खोटी नाही. पण साप वांग्यासाठी येत नाही, उंदरांसाठी आणि आडोशासाठी येतो. पऱ्हाट्यांचा भारा, गोवऱ्यांचा ढीग, फुटक्या कौलांची रास, भिंतीची भोकं, ही त्याची जागा. हे सगळं घरापासून लांब आणि जमिनीपासून वर, दगडांवर फळ्या टाकून रचलं तर अर्धं काम झालं. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवायचं. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय सांदवाडीत पाऊल नाही. सांबार राहिला तर राहिला. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा लहान टॉर्च मिळतो, त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री दाराशी एकदा फिरवून पाहायला तो चांगला. नाग, मण्यार, घोणस (आपल्याकडे परड म्हणतात ती) आणि फुरसं, यांपैकी कुणीही चावलं तरी करायचं एकच : चावलेला भाग हलवायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, आणि थेट सापाची लस आहे अशा दवाखान्यात जायचं. ती कुठल्या दवाखान्यात असते हे आज शांत असताना विचारून ठेवा.

आणखी एक, कारण पावसाळा दारात आहे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफस पसरला होता. गवतातल्या बारीक किड्यांच्या पिलांच्या चाव्यातून तो होतो. निंदणीनंतर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप आला आणि काखेत, जांघेत, कमरेच्या गाठीजवळ विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती आवर्जून दाखवा आणि "गवतात काम केलंय" असं सांगा. वेळेवर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातात मोजे घालून उपटायचं. मुनग्यावर केसाळ अळ्या लगडल्या की झाडाखाली लेकराला जाऊ द्यायचं नाही. केस टोचले तर खाजवू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा.

औषधाच्या पेटीचं विचारलंत. साबण, धुतलेल्या सुती कपड्याच्या पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीनचं मलम, चिमटा, टॉर्च, ओआरएस, आणि सासूबाईंचा जवळचा चष्मा. एवढं पुरे. निर्धास्त व्हायला मात्र पेटी पुरणार नाही, कारण तुमच्या घरातली अडचण औषधाची नाही, लपवण्याची आहे.

सासूबाई का लपवतात? सांगितलं की वाडी जाईल, म्हणून. तुम्ही का लपवता? सांगितलं की त्यांचा विश्वास जाईल, म्हणून. प्रत्येक जखमेची किंमत वाडीने मोजायची असेल तर पुढची जखमही लपणार, आणि बधिर पायाच्या माणसाने जखम लपवणं परवडत नाही. बाजू घ्यायचीच असेल तर त्या पायाची घ्या. नवऱ्याला फोन करण्याआधी सासूबाईंपाशी बसा. मी तुमच्या जागी असते तर असं म्हटलं असतं : "आई, वाडी बंद होऊ देणार नाही, हे मी त्यांना सांगते. पण डोळ्याचं आणि फवारणीचंही मीच सांगणार, तुमच्यासमोर, तुमच्याच फोनवरून. आणि यापुढे काही लागलं तर त्याच संध्याकाळी मला दाखवायचं." शपथ मोडायची असेल तर ती ज्याने घातली त्याच्या देखत मोडावी, पाठीमागे नाही. त्या रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. रागावू द्या.

यजमानांना नुसती हकिकत सांगू नका, कामं सांगा. दूर राहणाऱ्या मुलाला काळजी असते आणि करायला काही नसतं, म्हणून तो सिमेंटवर येतो. त्यांना म्हणा, पोळ्याला याल तेव्हा ढीग हलवायचे आहेत, भिंतीची भोकं बुजवायची आहेत, मागच्या दाराला दिवा लावायचा आहे. सिमेंट आणणारच असाल तर दोन पोती आणा : दारापासून नळापर्यंत खरखरीत, न घसरणारी पायवाट करा आणि कमरेच्या उंचीचे दोन विटांचे वाफे बांधा. सांबार, मेथी, पालक तिथे होईल, आईला उकिडवं बसून निंदावं लागणार नाही. भिंतीजवळच्या त्या विटा तशाही उचलायच्याच आहेत. आईसाठी बूट पुण्याहून आणा, पण माप आधी कागदावर पाय ठेवून काढून पाठवलेलं असू द्या, आणि ते संध्याकाळचं घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

वाल लावू द्यायचा का? लावू द्या. पण त्याआधी, याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या. सात महिने शुगर तपासलेली नाही असं तुम्ही लिहिलंय; ती तपासा, मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही करून घ्या. डॉक्टरांसमोर पायातली चप्पल काढायला लावा आणि म्हणा, "यांना काटा तीन दिवस कळला नाही." नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टोचून पायाची जाणीव तपासता येते, ते कुठे होईल हे त्यांनाच विचारा. जिथे काटा मोडला होता ती टाच दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहायला सांगा. वरून बरी दिसणारी जखम आत पोकळ असू शकते. वालाचं बी तोवर डब्यात राहील, त्याला आठ दिवसांनी काही होत नाही.